विचारल्याशिवाय वाट सापडावी

(मंदिराचा जीर्णोद्धार व कलशारोहण यानिमित्त देवळाच्या पटांगणात भरलेल्या ग्रामस्थांच्या सभेत केलेले भाषण)



आज सकाळी आपल्या नाथाच्या शिखरावर कळस चढला. हा दिवस पाहण्याची ज्यांची फार इच्छा होती त्यांपैकी कित्येक जण आज आपल्यांत नाहीत. त्यांना प्रथम वंदन करितो आणि मग माझ्या विषयाकडे वळतो.

मी काही वक्ता नव्हे. शिक्षण एस.एस.सी. पर्यंत. वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मला घेण्यात आले. म्हणजे ज्या स्टुलावर वडील बसत त्याच स्टुलावर मी बसलो. पुढे टंकलेखनाची परीक्षा पास होऊन कारकून झालो. अलीकडे आमच्या पदाचे नाव महसूल सहायक असे झाले आहे. पण गावाला मी कारकूनच आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

समितीने कामे वाटून दिली तेव्हा कोणाकडे वर्गणी आली, कोणाकडे दगड-वाळू आली, कोणाकडे महाप्रसाद आला. माझे अक्षर बरे आहे असा समज असल्यामुळे माझ्याकडे पाट्या आल्या. 'पाट्या लिहून घेणे' एवढाच ठराव होता. मलाही वाटले, पेंटर बोलवावा, मजकूर द्यावा, दोन दिवसांत काम उरकावे. पण विचार करू लागलो तसा हा विषय मोठा आहे असे ध्यानात आले. म्हणून समितीकडे वेळ मागून घेतला आहे. आपण शांतपणे ऐकावे ही विनंती.

प्रथम कचेरीतली एक गोष्ट सांगतो. ती कचेरी कोणत्या तालुक्याची हे सांगत नाही, कारण या बाबतीत सगळ्या कचेऱ्या बहिणी-बहिणी आहेत.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दाराशी स्टुलावर बसत असे. आत शिरले की लांबलचक व्हरांडा आणि दोन्ही बाजूंना दारे. प्रत्येक दारावर पाटी होती. कोणी म्हणू शकले नसते की पाट्या नाहीत. एकावर 'बारनिशी', एकावर 'पुरवठा शाखा', एकावर 'अभिलेख कक्ष', तर एकावर 'संगायो'. आता मंडळी, आपल्यांपैकी किती जणांना 'बारनिशी' म्हणजे काय हे ठाऊक आहे? आलेला कागद घेऊन त्यावर आवक नंबर टाकण्याची ती जागा. 'अभिलेख कक्ष' म्हणजे जुन्या नकला मिळण्याचे ठिकाण. आणि 'संगायो' म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही योजना १९८० साली सुरू झाली. आपल्या आयाबाया तिला 'निराधारचा पगार' म्हणतात. परंतु दारावर 'निराधारचा पगार' असे लिहिलेले नव्हते. तिथे 'संगायो' होते. सरकारी कागदावर तो शब्द लिहायला सोपा, म्हणून तोच दारावर चढला.

एके दिवशी एक म्हातारी आली. नऊवारी पातळ, हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत असे वर्षातून एकदा कागदावर दाखवावे लागते, नाहीतर पगार बंद होतो. त्या दिवशी शेवटची तारीख होती. म्हातारी आत आली. तिला पाटी वाचता येत नव्हती, आणि येत असती तरी 'संगायो' तिला कळले नसते. मग तिने काय केले? जिथे रांग दिसली तिथे ती उभी राहिली. ज्याला वाट ठाऊक नसते तो माणूस माणसांच्या मागे जातो. ती रांग रेशनकार्डाची होती. दुपारी खिडकी जेवणासाठी बंद झाली तरी ती तिथेच भिंतीला टेकून बसली. चार वाजता तिचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने सांगितले, "आजी, हे इथे नाही, पलीकडे." पलीकडे म्हणजे कुठे? ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, आणि शेवटी तिला योग्य दार सापडले तेव्हा त्याला कुलूप होते. तो कारकून जिल्ह्याला बैठकीला गेला होता.

मी कुलपे तपासायला निघालो तेव्हा ती मला पायरीवर बसलेली दिसली. मी विचारले, "आजी, सकाळपासून मी दाराशीच आहे, मला का नाही विचारलंत?" ती म्हणाली, "बाबा, तू पेपर वाचत हुतास. कामातल्या मानसाला कसं इचारावं?"

मंडळी, ते वाक्य मला आजही बोचते. पुढच्या महिन्यापासून तिचा पगार बंद झाला. माणूस डोळ्यांसमोर जिवंत, पण कागदावर नाही. तो परत सुरू होण्यासाठी अर्ज मी माझ्या अक्षरात लिहून दिला. पगार सुरू व्हायला कित्येक महिने गेले. चूक कोणाची? तिची नव्हती. त्या कारकुनाची म्हणावी तर तो कामासाठीच गेलेला. माझी होतीच. पण त्याहून मोठी चूक अशी, की त्या इमारतीतल्या सगळ्या पाट्या आत बसणाऱ्यांनी आत बसणाऱ्यांसाठी लिहिल्या होत्या. बाहेरून येणारा माणूस कोणत्या शब्दांनी विचार करतो, तो कुठे थांबतो, कुठे घुटमळतो, हे कोणी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी एक वही घेतली आणि दाराशी येणारा माणूस काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवू लागलो. महिनाभरात एक गोष्ट स्पष्ट झाली. 'पुरवठा शाखा कुठे आहे' असे कोणी विचारीत नाही. लोक विचारतात, "रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचंय, कुठं जावं?" माणूस शाखा शोधत येत नाही. तो आपले काम घेऊन येतो. मग मी साहेबांच्या परवानगीने एक फळा मिळवला आणि आत शिरल्याबरोबर समोर दिसेल असा टांगून त्यावर खडूने लिहिले : 'निराधारचा पगार – डावीकडे तिसरे दार.' 'रेशनकार्ड – उजवीकडे पहिले दार.' 'जुनी नक्कल – सरळ, शेवटचे दार.'

त्यातही माझी एक फजिती झाली ती सांगितली पाहिजे. 'सरळ' या शब्दापुढे मी वर टोक असलेला बाण काढला होता. माझ्या मनात अर्थ असा की समोर चालत जा. दोन दिवसांनी गच्चीवर माणसे जमलेली दिसली. पाहतो तर जुन्या नकलेसाठी आलेले शेतकरी! बाण वर दाखवितो म्हणून ते जिना चढून गेले होते. त्यांचे काहीच चुकले नव्हते. तेव्हा मला कळले, की पाटी लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे याला किंमत नाही. वाचणाऱ्याने काय समजून पाऊल टाकले, तोच त्या पाटीचा अर्थ.

माझा भाचा वास्तुशास्त्र शिकतो. सुटीत आला होता तेव्हा त्याला मी ही बाणाची गंमत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, याचं शास्त्र आहे. लोक यावर आयुष्य घालवतात." त्याने मला जे सांगितले व मोबाइलवर दाखविले त्यातले चार दाखले आपल्यापुढे ठेवतो. ते परदेशचे आहेत, पण त्यांतला माणूस आपल्यासारखाच आहे.

अमेरिकेत केविन लिंच नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांचे पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले. शहरात राहणारी माणसे वाट कशी ध्यानात ठेवतात हे त्यांनी बोस्टन वगैरे शहरांत पाहिले. लोकांशी बोलले, त्यांच्याकडून शहराचे नकाशे नुसत्या आठवणीवर काढून घेतले. त्यांच्या लक्षात आले की माणूस पाच गोष्टींवरून शहर मनात साठवतो : रस्ते, कडा, वस्त्या, चौक आणि खुणेच्या जागा. आता हे ऐकून मला अमेरिका आठवली नाही, आपली आजी आठवली. परगावचा माणूस आला की ती सांगे, "ओढा ओलांडला की मारुती लागंल, तिथनं डाव्या हातानं माळी आळीत शिरायचं, पिंपळाच्या पारापाशी कुनालाबी इचारा." ओढा ही कड, आळी ही वस्ती, पार हा चौक आणि मारुती ही खूण. आजी शाळेत गेली नव्हती, पण हे शास्त्र तिच्या जिभेवर होते.

दुसरा दाखला मेक्सिको देशाचा. त्यांच्या राजधानीत ४ सप्टेंबर १९६९ रोजी भुयारी रेल्वे सुरू झाली. प्रवाशांत न शिकलेले लोक पुष्कळ होते. त्यांना स्टेशनचे नाव वाचता कसे यावे? तेव्हा लान्स वायमन या चित्रकाराच्या देखरेखीखाली प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एकेक चित्र देण्यात आले. चापुल्तेपेक या नावाचा तिथल्या जुन्या भाषेत अर्थ टोळाची टेकडी, म्हणून त्या स्टेशनवर टोळाचे चित्र. ज्याला अक्षर येत नाही तोही सांगू शकतो, की टोळाच्या स्टेशनवर उतर. आणि यात आपण कोणाच्या मागे नव्हतो बरे! १९५१-५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याच्या निशाणीचे चित्र लावले गेले. लोकांनी चित्र पाहून मत टाकले आणि राज्य चालविले. ज्या माणसाला चित्र पाहून सरकार निवडता येते, त्याला चित्र पाहून पाण्याचा नळ सापडणार नाही काय?

तिसरा दाखला जपानचा. तिथे सेइइची मियाके नावाच्या गृहस्थांनी १९६५ साली एक फरशी तयार केली. त्यांच्या एका स्नेह्याची दृष्टी जात चालली होती. या फरशीवर उंचवटे असतात, ते अंध माणसाच्या पायाला आणि काठीला कळतात. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात रस्त्यावर ती प्रथम बसविली. आज त्या पद्धतीत लांब उभ्या रेघा म्हणजे चालत राहा आणि गोल ठिपके म्हणजे थांब, सावध हो. आपण पुण्या-मुंबईच्या स्टेशनांवर फलाटाच्या कडेला पिवळ्या खडबडीत फरशीची ओळ पाहतो ना, ती हीच. आपल्याला ती शोभेची वाटते. कित्येक जण तिच्यावरच सामान ठेवून बसतात. पण एखाद्या अंध माणसाची ती वाट असते.

आणि चौथा दाखला, तोही जपानचाच. १९७२ साली ओसाका शहरात आणि पुढच्या वर्षी कुमामोतो येथे मोठ्या दुकानांच्या इमारतींना आगी लागल्या. प्रत्येक ठिकाणी शंभराहून अधिक माणसे गेली. धुरात आणि घबराटीत बाहेरची वाट सापडणे किती कठीण असते याचा विचार त्यानंतर जोराने सुरू झाला. दारातून पळत बाहेर निघालेला हिरवा माणूस आपण सिनेमागृहात दारावर पाहतो. ते चित्र युकिओ ओता या जपानी चित्रकाराच्या हातचे, १९७० च्या दशकाच्या अखेरचे. पुढे ते जगभर गेले. अक्षर नाही, भाषा नाही, पण लहान मुलालाही कळते की इकडून बाहेर जायचे.

आता आपण म्हणाल, हे सगळे रेल्वेचे आणि शहराचे झाले, देवळाचा याच्याशी काय संबंध?

मंडळी, माझे म्हणणे असे आहे की हे शास्त्र आपल्या पूर्वजांनी देवळातच सांभाळले होते. त्यांनी एकही पाटी लावली नव्हती आणि कोणी वाट चुकत नव्हता. शिवारातून येणाऱ्याला कळस दिसे. ती पहिली खूण. वेशीतून आत आले की दीपमाळ दिसे. रात्री तिच्यावर दिवे लागत, म्हणजे अंधारातही देऊळ कुठे ते कळे. दीपमाळेपासून सरळ पायऱ्या. पुढे दगडी कासव, त्याचे तोंड देवाकडे, म्हणजे आता इकडे पाहा. मग घंटा, म्हणजे थांब आणि हात वर कर. गाभाऱ्याचा उंबरठा उंच आणि दार ठेंगणे, म्हणजे पायही जपून पडे आणि मानही आपोआप लवे. देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा, आणि महादेवाच्या देवळात सोमसूत्रापाशी आले की माघारी वळायचे. हे सर्व दगडाने सांगितले होते. अंध माणूससुद्धा घंटेचा आवाज, उंबरठ्याचा स्पर्श आणि धुपाचा वास यांवरून देवापर्यंत जात असे.

वारीचेही तसेच आहे. माउलींच्या पालखीत एवढा जनसागर असतो, पण कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे हे ठरलेले आहे. आपल्या दिंडीची जागा ठाऊक असली की चुकलेला वारकरी तिच्या क्रमाने आपली माणसे शोधून काढतो. सकाळी कर्णा वाजला की न सांगता लोक निघण्याच्या तयारीला लागतात. आपल्या परंपरेत वाट दाखविणे ही सेवा मानली आहे. प्रयागच्या मेळ्यात चुकलेल्या माणसांना घरच्यांशी भेटविण्यासाठी खास शिबिर चालते, तीही एक पूजाच आहे.

आता आपले नवे देऊळ पाहू. मी समितीवर टीका करीत नाही, मी स्वतः समितीच्या कामातला माणूस आहे. सभामंडप मोठा झाला, ग्रॅनाइट आले, दर्शनबारीला लोखंडी पाइप आले, एका दाराची तीन दारे झाली. चांगलेच झाले. पण जुन्या देवळात वाट एकच होती, म्हणून चुकण्याचा प्रश्न नव्हता. आता वाटा तीन झाल्या आणि जुन्या खुणा गेल्या. दीपमाळेसमोर पत्र्याची शेड आली. कासव फरशीच्या कामात उचलले ते अजून पिंपळाच्या पारापाशी ठेवलेले आहे.

मग मी एक प्रयोग केला. माझे एक मामेसासरे आहेत. वय सत्तरीच्या पुढे, लिहिता-वाचता येत नाही, आपल्या गावी कधी आले नव्हते. मागच्या महिन्यात त्यांना बोलावले. त्यांना म्हटले, "मामा, एस.टी. थांब्यावरून देवळात जा, दर्शन घ्या, पाणी प्या आणि परत या. मी मागे असेन, पण मला काही विचारायचे नाही." ते पुढे आणि मी वीस पावलांवर वही घेऊन मागे. ते जिथे थांबले तिथे मी फुली मारली.

पहिली फुली सोसायटीच्या गोदामापाशी पडली. तिथे रस्ता फुटतो. देवळाची पाटी तिथे आहे, नाही असे नाही. पण तिच्यापुढे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे तीन फ्लेक्स आहेत. मामा बराच वेळ फ्लेक्सवरची माणसे पाहत उभे राहिले आणि शेवटी एका बैलगाडीच्या मागे गेले. त्या म्हातारीसारखेच.

दुसरी फुली देवळाच्या दाराशी. आपण पाटी लावली आहे, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर? मामांनी चप्पल हातात घेतली, इकडे तिकडे पाहिले आणि पूर्वेच्या दाराबाहेर एका कोपऱ्यात काढून ठेवली.

तिसरी फुली सर्वांत महत्त्वाची. दर्शन झाले. दर्शनबारी माणसाला उत्तरेच्या दाराने बाहेर काढते. तिथे आपण 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी सुंदर पाटी लावली आहे. मामा त्या दारापर्यंत गेले, थांबले आणि मागे फिरले. पाइपमधून उलटे, येणाऱ्या माणसांना बाजूला सारत, पूर्वेच्या दाराशी आले. का? कारण त्यांची चप्पल तिथे होती!

मंडळी, त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवशी देवळात दहा माणसे होती. चैत्रातल्या यात्रेच्या दिवशी किती असतात हे मी आपल्याला सांगायला नको. प्रत्येक माणूस आपल्या चपलेसाठी उलटा फिरला तर? २५ जानेवारी २००५ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक माणसे गेली. कित्येक घरांतले नवस फेडायला गेलेले लोक परत आले नाहीत. तिथली कारणे निराळी होती, त्यांत मी शिरत नाही. पण एक गोष्ट प्रत्येक यात्रेला लागू आहे. अरुंद जागी येणाऱ्याची वाट आणि जाणाऱ्याची वाट एक झाली, की देवाच्या दारात माणसाचा जीव धोक्यात येतो. अशा वेळी 'बाहेर जाण्याचा मार्ग' ही पाटी पुरत नाही. माणूस पाटीकडे जात नाही, चपलेकडे जातो.

म्हणून समितीपुढे आणि आपणां सर्वांपुढे मी नम्रपणे काही मागण्या ठेवतो.

पहिली. चपला ठेवण्याची जागा पूर्व आणि उत्तर या दोन दारांच्या मधे, आवाराच्या कोपऱ्यावर करावी, म्हणजे उत्तरेच्या दाराने बाहेर पडलेल्या माणसाला ती समोरच सापडेल आणि मागे फिरण्याचे कारणच राहणार नाही. यात्रेच्या दिवसांत उत्तरेच्या दाराला कुलूप नसावे आणि त्याचा दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडणारा करावा.

दुसरी. पाट्यांवर आपले शब्द असावेत. 'प्रसाधनगृह' नको, 'संडास' आणि 'मुतारी' लिहू, त्यात लाजण्यासारखे काही नाही. 'पेयजल' नको, 'पिण्याचे पाणी' लिहू आणि शेजारी नळाचे चित्र काढू. अक्षर साधे ठसठशीत असावे, फुलापानांची वळणे नकोत, काना-मात्रा एकमेकांत अडकू नयेत. माझी कसोटी सोपी आहे. दहा पावलांवरून माझ्या आईला चष्म्याशिवाय वाचता आली तर पाटी पास.

तिसरी. पाटी जिथे भिंत रिकामी आहे तिथे लावू नये. जिथे माणूस घुटमळतो तिथे लावावी. गोदामाच्या फाट्यावरच्या खांबावर यापुढे कोणाचाही फ्लेक्स लागू नये. सर्व पुढाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की तो एक खांब देवाला सोडा.

चौथी. ग्रॅनाइट गुळगुळीत आहे, ओल्या पायांनी म्हातारी माणसे घसरतात. आवारातून गाभाऱ्यासमोरपर्यंत खडबडीत दगडाची हातभर रुंद पट्टी बसवावी आणि पायऱ्यांशेजारी उतार करावा. ज्याला डोळे नाहीत किंवा पाय नाहीत, त्यालाही देव आपल्या आपण भेटला पाहिजे. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यात सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असेच म्हटले आहे. पण कायदा नसता तरी आपण हे करायला हवे होते.

पाचवी. दीपमाळेपुढची शेड मागे घ्यावी आणि कासव त्याच्या जागी परत आणून बसवावे. तो नुसता दगड नव्हे. आपल्या देवळातली ती सर्वांत जुनी पाटी आहे.

आणि शेवटची मागणी थोडी अवघड आहे. पूर्वेच्या दारात शिरताना समोरची जी मोठी भिंत आहे, जिथे प्रत्येकाची नजर पहिल्यांदा जाते, तिथे आपण देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या बसविल्या आहेत. दर्शन कुठून, बाहेर कुठून, पाणी कुठे, हे सांगायला त्या भिंतीसारखी दुसरी जागा नाही. देणगीदारांचा मान मोठा आहे, त्यांच्यावाचून हे देऊळ उभे राहिले नसते. त्यांच्या पाट्या दक्षिणेच्या भिंतीवर ओळीने लावू, तिथे सावली आहे, लोक बसून निवांत वाचतील. पण समोरची भिंत वाट शोधणाऱ्यासाठी मोकळी करावी.

हे सांगताना माझा स्वर जड होतो, कारण त्या भिंतीवर वरून चौथी पाटी माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ आहे. माझ्या आईने ती रकमेसकट हौसेने दिली. काल रात्री मी तिला हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझा बाप जन्मभर दाराशी बसून लोकांना वाट सांगत हुता. त्याच्या नावानं वाट अडवू नगं." तेव्हा समितीने मान्यता दिल्यास पहिली पाटी आमची हलवावी. उद्या सकाळी गवंड्याबरोबर मी स्वतः हजर राहीन.

देवळातून परत जाताना ज्याला कोणाला काही विचारावे लागले नाही, त्याला आपल्या पाट्या आठवणारही नाहीत. तो एवढेच म्हणेल, की दर्शन चांगले झाले. हीच पाट्या लिहिणाऱ्याला पावती. त्या म्हातारीने मला विचारले नाही, कारण मी कामात आहे असे तिला वाटले. आपला नाथ तर अखंड कामात आहे. त्याच्या दारी आलेल्या माणसाला विचारण्याची पाळी येऊ नये, अशी व्यवस्था करणे हे आपले काम आहे.

 नाथसाहेबांच्या नावानं चांगभलं!